मेतेओरा: सुळक्यांवरचे मठ नीट पाहायचे तर

अथेन्सहून पहाटे निघून रात्री परत, अशी मेतेओराची एका दिवसाची सहल सर्रास विकली जाते. मी पहिल्यांदा तशीच गेले. जायचे साडेतीनशे किलोमीटर, यायचे साडेतीनशे, आणि मधे दोन मठ, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. त्या घाईत एका चर्चमध्ये मान वर केली तर घुमटातून एक करारी चेहरा माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात बस सुटायची वेळ झाली. चेहरा कोणाचा, तो तिथेच का रंगवलाय, भोवतीची माणसं कोण, काहीच कळलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं. दोन वर्षांनी पुन्हा गेले, तीन रात्री राहिले, रोज दोनच मठ पाहिले. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेतून शिकलेलं आहे. मेतेओराला किमान दोन रात्री द्या. सहाच्या सहा मठ एका दिवसात उरकू नका.

आधी जागा समजून घ्या

ग्रीसच्या मध्यभागी थेसलीचं सपाट मैदान आहे. ते जिथे पिंडस पर्वताला भिडतं, तिथे कालाम्बाका गावाच्या डोक्यावर हे सुळके उभे आहेत. काही सुळके मैदानापासून तीन-चारशे मीटर उंच आहेत. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हा दगड वेगळा दिसतो. जवळ जाऊन हात लावा. आत गोटे आहेत, नदीत सापडतात तसे गुळगुळीत, काही लिंबाएवढे, काही कलिंगडाएवढे, आणि ते वाळूच्या घट्ट गाऱ्यात रुतून बसलेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका नदीने मुखाशी आणून टाकलेला हा गाळ पुढे दडपून दगड झाला, उचलला गेला, भेगाळला, आणि पाण्यावाऱ्याने तासला गेला.

ग्रीकमध्ये ‘मेतेओरा’ म्हणजे अधांतरी असलेले. इथल्या गुहांमध्ये एकांतवासी साधू सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून राहत होते. चौदाव्या शतकात आथोस पर्वतावरून (उत्तर ग्रीसमधला, समुद्रकाठचा मठांचा पर्वत) अथानासिओस नावाचा एक मठवासी इथे आला. समुद्री चाच्यांच्या हल्ल्यांनी आथोसवरचं जगणं अवघड झालं होतं. सगळ्यात मोठ्या सुळक्याला तेव्हा ‘रुंद खडक’ म्हणत. त्यावर त्याने पहिला मोठा मठ उभारला. ‘मेतेओरो’ हे नाव त्यानेच दिलं असं मानतात. त्याच शतकाच्या शेवटी थेसली तुर्कांच्या ताब्यात गेली, पण सुळक्यांवरची वस्ती वाढतच राहिली. भरभराटीच्या काळात इथे चोवीस मठ होते. आज सहा नांदते आहेत. 1988 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, तोही निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर.

नांदते आहेत म्हणजे खरोखर नांदते. चार मठांत पुरुष मठवासी राहतात, दोनांत संन्यासिनी. वेळा, कपडे, कॅमेरा असे जे नियम पुढे सांगते, ते सगळे ही त्यांची राहती घरं आहेत म्हणून आहेत.

कधी जायचं

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये थेसलीचं मैदान चाळिशीच्या आसपास तापतं आणि पायऱ्यांवर सावली फार कमी असते. हिवाळ्यात गर्दी नसते, सुळके धुक्यात बुडालेले दिसतात, कधी बर्फही पडतो, पण दिवस लहान असतो आणि मठ लवकर बंद होतात.

ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख मात्र आधी बघून ठेवा. आपल्याकडे वसई किंवा गोव्यात ज्या रविवारी ईस्टर असतो, तोच तिकडे असेल असं नाही, कारण त्यांचं गणित जुन्या ज्युलियन पंचांगावर चालतं. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे. त्या आठवड्यात मठांच्या वेळा बदलतात आणि गावातल्या खोल्या भरून जातात. पण गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी सजवलेली येशूची प्रतीकात्मक शवपेटी गल्ल्यांतून फिरते, मागे मेणबत्त्या घेतलेलं अख्खं गाव असतं. ते पाहायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी धरा आणि मठांसाठी दुसरे दिवस ठेवा.

कसं पोहोचायचं

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस ही शेवटची मुदत आहे, पण उन्हाळ्यात तिच्यावर विसंबू नका, दोन-तीन महिने आधीच करा. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा अर्जासोबत जोडावा लागतो.

अथेन्सहून रेल्वेने येणं सगळ्यात सुखाचं. पण सप्टेंबर 2023 च्या डॅनियल वादळात थेसलीतले रूळ वाहून गेले आणि तेव्हापासून वेळापत्रकाची घडी विस्कटली. म्हणून तिकीट काढताना गाडी थेट कालाम्बाकाला जाते का, की पालेओफार्सालोसला बदलावी लागते, की मधला टप्पा बसने आहे, हे त्या आठवड्याच्या वेळापत्रकात बघा. बसने यायचं तर अथेन्सच्या लिओसिओन स्थानकावरून त्रिकालाची बस घ्या. त्रिकालाहून कालाम्बाका वीसेक किलोमीटर आहे, दुसरी बस मिळते. थेस्सालोनिकीहून अंतर कमी आहे, गाडीने तीनेक तास. गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातून निघतानाच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

राहायला दोन जागा. कालाम्बाका हे तालुक्याच्या गावासारखं: स्टेशन, बसथांबा, दुकानं, औषधं, सगळं हाताशी. कास्त्राकी दोन किलोमीटरवर, सुळक्यांच्या अगदी पायथ्याशी, कौलारू आणि शांत. गाडी नसेल तर कालाम्बाका सोयीचं. असेल तर कास्त्राकीच. सकाळी अंगणात चहा घेताना समोर फक्त कातळ असतो.

कोणता मठ कोणत्या दिवशी

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. माझाही झाला: मंगळवारी सकाळी सगळ्यात मोठ्या मठाच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि तो मंगळवारी बंद असतो. बहुतेक मठ आठवड्यातून किमान एक दिवस बंद ठेवतात, आणि वार वेगवेगळे असतात. साधारण असं धरा: ग्रेट मेतेओरो मंगळवारी बंद, रुसानू बुधवारी, आगिया त्रिआदा गुरुवारी, वारलाम शुक्रवारी, आगिओस स्तेफानोस सोमवारी. हिवाळ्यात काही मठ आणखी एखादा दिवस बंद असतात आणि आगिओस स्तेफानोस दुपारी दोनेक तास दार लावून घेतो. हे वार बदलू शकतात, म्हणून पोहोचलात की पहिल्याच संध्याकाळी हॉटेलमध्ये त्या हंगामाचा वेळांचा तक्ता मागून घ्या. छापील तक्ता गावात बहुतेक ठिकाणी ठेवलेला असतो.

मी सुचवीन ती आखणी अशी. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचा. शनिवारी दार उघडायच्या वेळी, म्हणजे नऊच्या सुमारास, ग्रेट मेतेओरोच्या पायऱ्यांशी असा. अथेन्स आणि थेस्सालोनिकीच्या बसगाड्या साडेदहा-अकराला येऊन थडकतात, त्याआधीचा दीड तास सोन्यासारखा. तिथून वारलाम समोरच आहे, चालत जा. रविवारी आगिओस निकोलाओस आनापाफसास आणि रुसानू. सोमवारी आगिया त्रिआदा, आणि तेही पायवाटेने. सोबत आई-वडील असतील आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर रविवारीच आगिओस स्तेफानोस करा. तो एकच मठ असा आहे की रस्त्यावरून छोटा पूल ओलांडला की थेट दारात. बाकी ठिकाणी ग्रेट मेतेओरोला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वारलामला दोनशेच्या आत, आगिया त्रिआदाला एकशे चाळीस. रायगड चढलेल्या माणसाला हे काहीच नाही, पण ग्रेट मेतेओरोला आधी खाली उतरून मग चढायचं असतं, म्हणजे परत येतानाही चढ आहेच.

तिकीट प्रत्येक मठाचं वेगळं, काही युरोंचं, दारावर रोख द्यायचं. सुटे युरो खिशात ठेवा. हंगामात कालाम्बाकाहून वर मठांकडे बस जाते. तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात, परतीची वेळ चढतानाच विचारून ठेवा.

कपडे

पुरुषांनी पूर्ण पँट घालावी, हाफ पँट चालत नाही, बिनबाह्यांचे कपडेही नाहीत. बायकांना खांदे झाकलेले आणि गुडघ्याखाली येणारा स्कर्ट हवा; पँट किंवा जीन्स घातली असेल तर दारात ठेवलेलं कापड कमरेला गुंडाळावं लागतं. पायघोळ अनारकलीसारखा ड्रेस असेल तर प्रश्नच येत नाही. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि लेगिंग असेल तर दारावरची संन्यासिनी कापडाकडे बोट दाखवण्याची शक्यता जास्त. मी दुसऱ्या खेपेला घरूनच एक सुती लुंगीसारखा रॅपराउंड नेला, पिशवीत मुठीएवढा झाला, आणि शंभर जणींनी गुंडाळलेलं कापड वापरावं लागलं नाही. साडीला हरकत नाही, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या म्हणजे पाठ आणि कंबर झाकली जाते. पण पायऱ्यांवर साडी सांभाळणं कठीण, विशेषतः उतरताना.

बूट तळाला पकड असलेले घाला. लाखो पावलांनी या पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत, पावसानंतर निसरड्या होतात. बूट काढायची पद्धत नाही, चर्चमध्ये ते घालूनच जातात. आपला हात आपसूक बुटांच्या नाड्यांकडे जातो, पण गरज नाही.

चर्चच्या आत काय पाहायचं

मठातल्या मुख्य चर्चला ‘काथोलिको’ म्हणतात. आत फोटो काढायला मनाई आहे. मनाई नसती तरी फोन खिशातच ठेवा असं मी सांगितलं असतं, कारण आत अंधार असतो आणि डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ एका जागी उभे राहा. हळूहळू काळपट भिंतींतून माणसं पुढे येऊ लागतात.

आधी लागतो तो बाहेरचा सभामंडप. ग्रेट मेतेओरोमध्ये याच्या भिंतींवर हौतात्म्याची चित्रं आहेत: रोमन काळात श्रद्धेपायी मारले गेलेले संत, कोणाचं शिर उडवलंय, कोणाला जाळलंय, कोणाची कातडी सोलली आहे. लहान मुलं सोबत असतील तर हे आधी माहीत असू द्या. अनेक जण तोंड फिरवून पुढे जातात. पण त्या संतांचे चेहरे बघा. कुठेही किंकाळी नाही, ते शांत आहेत. आत जाणाऱ्या मठवासीयाला उंबरठ्यावरच आठवण दिली आहे की आपल्याआधीच्यांनी काय दिलं.

मग मुख्य गाभा. मान वर करा: घुमटाच्या मध्यात ‘पांतोक्रातोर’, म्हणजे सर्वसत्ताधीश ख्रिस्त. पहिल्या खेपेला माझ्याकडे बघणारा चेहरा हाच. त्याच्याखाली देवदूत आणि संदेष्टे, घुमट जिथे खांबांवर टेकतो त्या चार त्रिकोणी कोपऱ्यांत शुभवर्तमानांचे चार लेखक, भिंतींवर येशूच्या आयुष्यातले प्रसंग, आणि सगळ्यात खाली, आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, उभे संत: योद्धे आणि तपस्वी. सगळी मांडणी वरून खाली उतरते, स्वर्गापासून जमिनीपर्यंत, आणि शेवटची ओळ आपल्या खांद्याला खांदा लावून उभी असते.

आता मागे वळा. ज्या दारातून आलात त्याच्यावर, पश्चिमेच्या भिंतीवर, बहुधा मरियेच्या देहावसानाचं चित्र असतं. ती पलंगावर निजलेली, भोवती शिष्य, आणि मागे उभ्या येशूच्या हातात बाळुत्यात गुंडाळलेलं एक तान्हं बाळ. ते बाळ म्हणजे मरियेचा आत्मा. जिने मुलाला कडेवर घेतलं, तिला शेवटी मुलाने उचलून घेतलं आहे. हे कळल्यावर मी त्या भिंतीसमोरून बराच वेळ हलले नाही.

पूर्वेला कोरीव लाकडी पडदा असतो, त्यावर प्रतिमा, समोर टांगलेले तेलाचे दिवे, अगदी आपल्या लामणदिव्यांसारखे. पडद्यापलीकडे वेदी आहे, तिथे जायचं नाही, पडदा सरकलेला असला तरी डोकवायचं नाही. भाविक प्रतिमांचं चुंबन घेतात, क्रूसाची खूण करतात. आपण तसं करावं अशी कोणाची अपेक्षा नसते. शांत उभं राहिलं की पुरे. मेणबत्ती मात्र कोणीही लावू शकतं. दाराजवळ बारीक, मेणाच्या वासाच्या पिवळसर मेणबत्त्या ठेवलेल्या असतात, पेटीत नाणं टाकायचं, एक घ्यायची, पेटवून वाळूत रोवायची.

सहापैकी एकच चर्च निवडायचं झालं तर मी आगिओस निकोलाओस आनापाफसास निवडीन, बहुतेक बसगाड्या जे वगळतात ते. सुळका इतका अरुंद आहे की मठ आडवा पसरायला जागाच नव्हती, म्हणून तो मजल्यावर मजला असा वर चढला. चर्च दुसऱ्या टप्प्यावर, खोलीएवढं, भिंती वाकड्यातिकड्या, आणि वर आणखी बांधकाम असल्यामुळे घुमटाला खिडक्या नाहीत. या एवढ्याशा जागेत 1527 मध्ये क्रीट बेटावरच्या थेओफानिस स्त्रेलित्झासने भिंती रंगवल्या. पुढे आथोस पर्वतावरचं त्याचं काम नावाजलं, पण त्याचं नाव आणि साल असलेलं हे सगळ्यात जुनं काम. यातलं एक चित्र शोधाच: आदम प्राण्यांना नावं देतोय. तो बसला आहे, आणि समोर खरे-काल्पनिक सगळे प्राणी आपापली पाळी येण्याची वाट बघत असल्यासारखे जमले आहेत.

चर्चच्या बाहेर

1920 च्या दशकात कातळात पायऱ्या खोदेपर्यंत वर जायला दोनच मार्ग होते: एकाला एक बांधलेल्या, लोंबत्या शिड्या, किंवा दोराला लावलेलं जाळं. जाळ्यात माणूस बसायचा, चारी टोकं आकड्यात अडकवायची, आणि वर मठवासी रहाट फिरवायचे. वारलामच्या मनोऱ्यात तो रहाट अजून आहे. ज्या आडव्या दांड्यांना धरून माणसं गोल फिरत, त्यांना हाताने घासून आलेली चकाकी बघा. दोर कधी बदलता, या प्रश्नावर ‘देव तो तोडेल तेव्हा’ असं उत्तर मिळायचं, ही गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो. त्याच मठात ओकच्या लाकडाचं 12,000 लिटरचं जुनं पिंप आहे. पाणी आणि अन्नाचा साठा हाच इथे जगण्याचा पाया होता, हे ते पिंप बघून कळतं.

ग्रेट मेतेओरोचं जुनं स्वयंपाकघर चुकवू नका. काजळीने काळं झालेलं छत, मधे चूल, भांडी जिथल्या तिथे. जवळच अस्थिगृह आहे. दाराच्या झरोक्यातून आत कवट्या ओळीने मांडलेल्या दिसतात, आधी इथे राहून गेलेल्या मठवासीयांच्या. तिथे मोठ्याने बोलू नका. अंगणात एखादी लांब लाकडी फळी टांगलेली दिसली तर ती ‘सिमान्द्रो’. प्रार्थनेची वेळ झाली की तिच्यावर हातोडीने ठेका धरतात. तो आवाज ऐकायला मिळाला तर आहात तिथे थांबा.

चालत

कालाम्बाकाच्या वरच्या टोकाला जुनं बिझंटाइन चर्च आहे, मरियेच्या देहावसानाचं. आत मधोमध संगमरवरी प्रवचनपीठ आहे, ते बघून घ्या आणि तिथून जवळच सुरू होणारी दगडी फरसबंदीची जुनी वाट धरा. ती झाडीतून चढत थेट आगिया त्रिआदाखाली निघते. पाऊण तास पुरतो. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या. वर पोहोचल्यावर मठाच्या मागच्या मोकळ्या कातळावर जा: खाली कौलांचं गाव, पिनिओस नदीचं पांढरं पात्र आणि पलीकडे पिंडस.

सूर्यास्तासाठी सगळे रस्त्यालगतच्या खडकांवर जमतात. जागा सुरेख आहे, पण कठडे नाहीत आणि टोकाचा दगड उतरता आहे. सेल्फीसाठी एक पाऊलही मागे जाऊ नका. अंधार पडायच्या आत उतरायला लागा.

शाकाहारींसाठी

ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवासाचे दिवस वर्षात खूप असतात, त्यामुळे उपवासाचं जेवण जवळपास सगळीकडे मिळतं. त्याला ‘निस्तीसिमो’ म्हणतात: मांस, अंडी, दूध नाही. पण एक खबरदारी घ्या: कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस त्यांना उपवासाला चालतात. म्हणून नुसतं ‘निस्तीसिमो’ म्हणून थांबू नका, ताटात काय आहे ते विचारा. ‘खोरीस क्रेआस’ म्हणजे मांस नको. मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या भाजलेल्या ‘यीगान्देस’, भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे ‘येमिस्ता’ (यात कधी खिमा असतो, विचारा), उकडलेल्या रानभाज्या, पालकाची पिटा, एवढ्यावर तीन दिवस छान निघतात. गोडात फार्सालाचा हलवा घ्या: मक्याच्या स्टार्चचा, तूप-साखर घालून आटवलेला, वर साखर जळवून कुरकुरीत केलेली. आपल्या माहीम हलव्याशी काही संबंध नाही, पण चव ओळखीची वाटते.

निघायच्या दिवशी

गाडी दुपारची असेल तर सकाळी कास्त्राकीच्या वर ‘पवित्र आत्मा’ नावाच्या सुळक्याकडे चालत जा. उंच कड्यात एक गुहा दिसते आणि तिच्यात रंगीबेरंगी फडकी, दोरीवर वाळत घातल्यासारखी. तो संत जॉर्ज मांदिलासचा जुना मठ. ‘मांदिली’ म्हणजे डोक्याचा रुमाल. गोष्ट अशी सांगतात की एका तुर्की जमीनदाराला इथलं झाड तोडताना जबर दुखापत झाली, तेव्हा त्याच्या बायकोने संताला आपल्या ओढणीचा नवस बोलला आणि तो बरा झाला. तेव्हापासून दरवर्षी संत जॉर्जच्या सणाला, 23 एप्रिलला (तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात आला तर ईस्टरनंतर), गावातली तरुण पोरं दोराला धरून त्या कड्यावर चढतात, गेल्या वर्षीचे रुमाल काढून खाली आणतात आणि लोकांनी दिलेले नवे टांगतात. जुन्या रुमालांचे तुकडे लोक घरी नेऊन ठेवतात. एप्रिलच्या शेवटी गेलात तर पायथ्याशी गावकरी माना वर करून उभे असतात, आणि वरच्या प्रत्येक पोराची आई त्या गर्दीत सहज ओळखू येते.